कोकण बोट

मुंबई आणि कोकण-गोवा किनारा यांच्या दरम्यान चालणाऱ्या प्रवासी आगबोटींना लोकव्यवहारात मिळालेले नाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून 1980 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, कंपन्या बदलत, ही सेवा चालली. मुंबईहून निघालेली बोट रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीला जाई. पणजीपर्यंत साधारण एक दिवस-रात्र लागे. पावसाळ्यात मोठा टप्पा बंद असे.

कंपन्या : बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन ही जुनी कंपनी, लोक तिला ‘शेफर्ड’ म्हणत. तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या स्वदेशी कंपनीचे कोकणात रूढ झालेले नाव ‘माझी आगबोट कंपनी’. स्वातंत्र्योत्तर काळात चौगुले आणि नंतर मोगल लाइन.

बांधणी, गुण व दोष : या बोटींचा मुख्य गुण आणि मुख्य दोष एकाच गोष्टीतून निघाले. कोकणातल्या खाड्यांची मुखे गाळाने भरलेली. राजापूरच्या खाडीत गाळ साठत गेल्याने आगबोटीचे बंदर मुखावरच्या जैतापूरला राहिले. अशा किनाऱ्यालगत फिरायचे तर पाण्यात कमी बुडणारी, हलकी बोट हवी. तशी बोट उथळ पाण्यात नांगर टाकू शके, हा तिचा मोठा उपकार. पण माणसे वरच्या डेकवर किंवा एका बाजूला जमली की तीच बोट डोलू लागे. ‘बोट लागणे’ (डोलण्याने मळमळणे) हा शब्दप्रयोग मराठीत रुजला तो याच प्रवासातून. लिंबू किंवा आवळासुपारी जवळ ठेवणे हा घरोघरचा उपाय होता.

खालच्या डेकवर वळकटी पसरून जागा धरावी लागे. इंजिनाची धग, तेलाचा वास आणि शेजारी आंब्याच्या पेट्या. वरच्या डेकवर वारा मिळे, तिकीटही जास्त. तरीही ट्रंका, पाट्या, पोती, म्हातारीकोतारी आणि मुलेबाळे यांसह सबंध कुटुंब एका तिकीटव्यवहारात गावी पोचवण्याची सोय त्या काळी दुसऱ्या वाहनात नव्हती.

पडाव : अनेक बंदरांत बोट लागेल असा धक्काच नव्हता. बोट किनाऱ्यापासून दूर उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे लहान होड्या, येत. लाटेवर पडाव वर आला की नेमक्या त्या क्षणी खलाशी प्रवाशाला दंडाला धरून ओढून घेत. मुले हातोहात दिली जात. मालवणला किनाऱ्याजवळ खडक असल्याने हे काम विशेष जोखमीचे. बोटी-पडाव चालवणाऱ्या सारंग-तांडेलांचे कसब मोठे होते, पण ते धक्क्याची उणीव झाकण्यात खर्च झाले. या सेवेची खरी कमतरता बोटीत शोधण्यापेक्षा बंदरात शोधावी, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

अपघात : 11 नोव्हेंबर 1927 रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी वादळात बुडाल्या. ‘रामदास’ या बुडालेल्या आणखी एका बोटीविषयी माहिती अधिक मिळते. 1936 मध्ये इंग्लंडमधील स्वान हंटर गोदीत ती बांधली गेली. लांबी 179 फूट, रुंदी 29 फूट. ती मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाई; ही जवळची फेरी पावसातही चाले. 17 जुलै 1947 रोजी, गटारी अमावास्येच्या सणासाठी गावी निघालेल्या माणसांनी ती भरली होती. काशाच्या खडकाजवळ वादळी पावसात पाणी आत येऊ लागले, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. प्रवाशांचा नेमका आकडा वेगवेगळा सांगितला जातो. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, म्हणून मुंबईला बातमी कळायला कित्येक तास लागले. बांधणीतला कोणताही दोष या एका उणिवेइतका अक्षम्य नव्हता.

कोल्हापूरशी संबंध : कोल्हापूरला समुद्र नाही, पण घाट आहेत. आंबा घाटाने रत्नागिरी, गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाटाने राजापूर-विजयदुर्गाकडची वाट, फोंडा घाटाने मालवणची बाजू. घाटमाथ्याचा गूळ या वाटांनी बंदरांकडे उतरे. 1891 मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाल्यावर कोल्हापूरकरांचा मुंबईचा रस्ता पुण्यावरून झाला.

अखेर : एसटी आणि मुंबई-गोवा महामार्गाने प्रवासी ओढून घेतले. शेवटच्या पिढीतील ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी अनेकांना आठवतात. 1990 च्या दशकात दमानिया कंपनीची वेगवान कॅटमरान काही काळ चालली. 26 जानेवारी 1998 रोजी संपूर्ण कोकण रेल्वे सुरू झाली.

आंग्रिया : 20 ऑक्टोबर 2018 रोजी मुंबईत उद्घाटन झालेले मुंबई-गोवा पर्यटन-जहाज, नाव कान्होजी आंग्रे यांच्यावरून. आधी वापरलेले, जपानी बांधणीचे, 131 मीटर लांबीचे हे जहाज नव्याने सजवण्यात आले. 104 खोल्या आणि सुमारे 400 प्रवाशांची सोय होती. पोहण्याचा तलाव आणि उपाहारगृहे होती. मोठा आकार व सजावट ही त्याची जमेची बाजू. भाडे हजारांत असल्याने गावी जाणाऱ्या चाकरमान्याच्या ते उपयोगाचे नव्हते. करोनाच्या टाळेबंदीत फेऱ्या थांबल्या. दोन्ही टोकांना त्याला पक्का धक्का होता; मधले कोकणातले एकही बंदर ते घेत नसे.