मत्स्यालयास अयोग्य मासे, खानदेशातील
वाढ, आहार किंवा श्वसनप्रकृती यांमुळे घरगुती काचटाकीत ज्यांचे दीर्घकाळ संगोपन होऊ शकत नाही, असे मासे. जळगाव व धुळे जिल्ह्यांतून वाहणाऱ्या तापीच्या खोऱ्यातील शिवडा (वॅलॅगो अट्टू) हा मांसाहारी मासा एक मीटरहून अधिक लांब वाढतो व डोळ्यांच्याही मागे पोहोचणाऱ्या विस्तीर्ण मुखाने सहवासी मासे गिळंकृत करतो. मरळ हवेतील प्राणवायूसाठी पृष्ठभागी येत असल्याने काठोकाठ भरून बंद केलेल्या टाकीत गुदमरतो, आणि झाकण उघडे राहिल्यास उसळून बाहेर पडतो. तर निशाचर वाम दिवसा वाळूत दडते व रात्री फटीतून निसटते. रोहू व कटला यांच्या बोटुकल्याही अल्पावधीत टाकीत न मावण्याइतक्या वाढतात. शिवाय येथील उन्हाळ्यात पारा ४५° से.पर्यंत चढतो, आणि तप्त जलात विरघळलेला प्राणवायू घटत असल्याने, मोठ्या माशांची निकड लहान टाकी भागवू शकत नाही. परदेशी जातींपैकी आफ्रिकी मागुराच्या पैदाशीस भारत सरकारने २००० मध्ये मनाई केली. दक्षिण अमेरिकी सकर मासाही बराच वाढतो. असे नकोसे झालेले परदेशी मासे नदीत सोडणे स्थानिक मत्स्यसंपदेस अपायकारक ठरते.