फिरतीवरचा संसार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मे महिना आला की बारामती-इंदापूर भागातली माणसेही आता सहलीला निघतात. कुणी महाबळेश्वरला जाते, कुणी थेट कुलू-मनाली, सिमला गाठते. नवराबायको दोघेच निघाली, आठ दिवस रमतगमत फिरून आली, तर गावात कुणी भुवया उंचावत नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मात्र हे असे नव्हते. बाई घराबाहेर पडायची ती माहेरी जायला, नाहीतर जत्रेला किंवा पंढरी-काशीला. सोबत दहा माणसांचा मेळा असायचा. नवऱ्याने बायकोला घेऊन चार गावे हिंडावे, वाटेत दोघांनी बोलावे, वाचावे, ही कल्पनाच घरातल्या वडीलधाऱ्यांना रुचणारी नव्हती. चारचौघांसमोर नवऱ्याशी बोलायचीही जिथे चोरी, तिथे सहल कुठली?

अशा काळात आपल्या पुणे जिल्ह्याच्या आणि आसपासच्या रस्त्यांवरून एका जोडप्याने वर्षानुवर्षे प्रवास केला. तो सहल म्हणून नव्हता, नोकरीचा भाग होता. सरकारी भाषेत त्याला ‘फिरती’ म्हणत. हे जोडपे म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि त्यांच्या पत्नी रमाबाई. रमाबाईंनी पुढे १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यामुळे या संसाराची आणि प्रवासाची हकीकत आपल्याला एका बाईच्या शब्दांत मिळते.

ही फिरती समजून घ्यायची तर आधी तिचे कारण समजून घ्यायला हवे, आणि ते कारण आपल्या बारामती तालुक्यातच सापडते. वडगाव निंबाळकर हे नीरा-बारामती रस्त्यावरचे गाव. नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्याने या पट्ट्यात ऊस आला, पुढे सोमेश्वरचा साखर कारखाना आला. पण गावातून सरळ उत्तरेकडे निघालो की थोड्याच वेळात हिरवा रंग मागे पडतो. मोरगावच्या पुढे माळ सुरू होतो. खडकाळ जमीन, बाभळी, वाळलेले गवत. वीस-पंचवीस किलोमीटरवर सुपे लागते. पूर्वी हे गाव भीमथडी तालुक्यात होते. भीमथडीची घोडी एके काळी साऱ्या हिंदुस्थानात नावाजलेली. पण हाच प्रदेश पावसाच्या बाबतीत कायमचा दुर्दैवी.

१२ मे १८७५ रोजी, ऐन उन्हाळ्यात, सुप्याच्या बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. त्यांचा रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर. ते कागद ओढून काढले गेले, जाळले गेले. लोण बघता बघता पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. एवढा क्षोभ होऊनही माणसांच्या जिवावर उठण्याचे प्रकार फारसे घडले नाहीत, हे तपासासाठी नेमलेल्या कमिशनच्याही ध्यानात आले. शेतकऱ्याचे वैर माणसापेक्षा कागदाशी होते.

हे वैर एका दिवसात उभे राहिलेले नव्हते. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातली जमीन मोजून सारा ठरवण्याची जी पद्धत रूढ झाली, तिची सुरुवात १८३६ च्या सुमारास शेजारच्या इंदापूर तालुक्यातच झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन अधिकारी त्या कामावर होते. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ पासून साऱ्याचे नवे दर आले आणि ते पुष्कळच चढे होते. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले होते. सावकार सढळ हाताने कर्ज देत होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि कर्ज मात्र राहिले. निरक्षर शेतकरी कागदावर अंगठा उठवी. त्यात काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक नसे, आणि कोर्टात तोच कागद ब्रह्मवाक्य ठरे. दंग्यांपाठोपाठ १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ आला. अखेर १८७९ मध्ये सरकारने पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला.

या कायद्याने न्यायाधीशाला एक नवी मुभा दिली. नुसता रोखा पाहून हुकूमनामा द्यायचा नाही. मूळ रक्कम किती दिली, व्याज कसे चढले, कर्ज कुठून सुरू झाले, हा सगळा पूर्वेतिहास उकरून पाहायचा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. तंटा कोर्टात जाण्यापूर्वी तडजोड करणारे गृहस्थ नेमले गेले. कर्जाचे कागद गावच्या निबंधकासमोर करायचे ठरले. हे सारे नीट चालते की नाही हे पाहायला खास न्यायाधीश आणि त्यांचे मदतनीस नेमण्यात आले. १८८१ मध्ये रानड्यांची नेमणूक झाली ती या मदतनिसाच्या जागेवर. पुढे १८८७ पासून, १८९३ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती होईपर्यंत, ते स्वतः खास न्यायाधीश होते. तालुक्या-तालुक्यातली कोर्टे तपासायची, दप्तरे पाहायची, तक्रारी ऐकायच्या, हे काम पुण्यात बसून होणारे नव्हते. पावसाळा सरला की फिरती सुरू व्हायची आणि उन्हे तापेपर्यंत चालायची.

आता या जोडप्याकडे वळू. १८७३ मध्ये लग्न झाले तेव्हा रमाबाई जेमतेम अकरा वर्षांच्या आणि रानडे एकतीस वर्षांचे. सातारकडच्या देवराष्ट्र्याच्या कुर्लेकर घराण्यातली ही मुलगी. लिहिणे-वाचणे तिला येत नव्हते. रानड्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या पुढाऱ्याने आता विधवेशीच लग्न करावे, अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि एका लहान मुलीशी लग्न केले. यावरून त्यांच्यावर त्या काळी टीका झाली, पुढेही होत राहिली. ती टीका खोटी म्हणता येत नाही. या संसाराचे चांगले जे सांगायचे, ते हे मान्य करूनच सांगायला हवे.

लग्न होताच रानड्यांनी या मुलीला शिकवायला घेतले. घर मात्र मोठे होते. सासू, नणंद आणि इतर वडीलधाऱ्या बायका यांना हे शिकणे पसंत नव्हते. दिवसभर स्वयंपाक, सोवळेओवळे, देवधर्म आणि त्यातून चोरून मिळालेल्या वेळात पुस्तक. त्यावरूनही टोमणे. नवऱ्याने सांगितलेले करावे तर घरातल्या बायका दुखावतात आणि त्यांचे ऐकावे तर नवऱ्याला वाईट वाटते, अशा कात्रीत ही तरुण सून सापडलेली असे. रमाबाईंच्या आठवणींतला हा भाग वाचताना आजही जीव कासावीस होतो.

या कात्रीतून सुटका मिळाली ती बदल्यांमुळे. १८७८ मध्ये नाशिक, मग १८७९ मध्ये धुळे. तिथे दोघांचाच संसार होता. धुळ्याची बदली काही मर्जीची नव्हती. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या त्या वर्षी सरकारची रानड्यांवर वक्रदृष्टी होती. पण सरकारने ज्याला दूर लोटले, त्याच्या बायकोला त्या दुरावण्यात अभ्यासाला मोकळीक मिळाली. रमाबाईंचे इंग्रजी याच वर्षांत मार्गी लागले. मग १८८१ मध्ये पुण्याला परत आले तेव्हा घराचा काच पुन्हा सुरू झाला. आणि त्याच वेळी फिरतीही सुरू झाली.

त्या वेळी पुण्याहून दौंडमार्गे सोलापूरला आगगाडी जात होती, पण ती सोडली की पुढे बैलगाडीच. नीरेवरून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग अजून झालेला नव्हता. बैलाच्या पावलाने चालणारा हा प्रवास. पहाटे गारव्यात निघायचे, ऊन चढले की झाडाखाली किंवा धर्मशाळेत थांबायचे. गाडी घाईत नसल्यामुळे बोलायला, वाचायला वेळच वेळ. रानड्यांचे डोळे विद्यार्थिदशेपासून अधू. त्यांना वाचून दाखवायला माणूस लागे. रमाबाई हे काम करू लागल्या. वर्तमानपत्र, पुस्तके, पत्रे. नवऱ्याची गरज आणि बायकोचे शिक्षण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत गेल्या. पहाटे उठून तुकोबांचे अभंग म्हणण्याची रानड्यांची सवय मुक्कामावरही सुटली नाही.

मुक्कामाच्या गावी रानडे कोर्टाची दप्तरे पाहत, तर रमाबाई गावातल्या बायकांना भेटत, मुलींची शाळा असेल तर तिथे जात. पुण्याच्या वाड्यात जी सून मान खाली घालून बोलणी ऐकत होती, तीच इथे साहेबांची पत्नी म्हणून चारचौघींशी बोलत होती. माणसांत बोलण्याचे धैर्य हे काही पुस्तकातून येत नाही. रमाबाईंना ते असे गावोगाव बोलूनच आले असले पाहिजे. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली. त्या शाळेच्या मागणीसाठी भरलेल्या सभेत गव्हर्नरसमोर रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचले. घरी त्याबद्दल त्यांना फार सोसावे लागले, पण त्या मागे हटल्या नाहीत.

या प्रवासांतला सगळ्यात लांबचा पल्ला उत्तरेचा. १८८६ मध्ये सरकारी खर्चात काटकसर सुचवण्यासाठी नेमलेल्या फायनान्स कमिटीवर रानड्यांची निवड झाली. त्या कामासाठी सिमला, कलकत्ता असा प्रवास झाला आणि रमाबाई बरोबर होत्या. कालका-सिमला रेल्वे तेव्हा नव्हती, ती १९०३ मध्ये आली. कालक्यापर्यंतही आगगाडी पोचली नव्हती. अंबाल्याला उतरायचे, तिथून घोड्यांच्या गाडीने कालका, आणि पुढे डोंगर चढत सुमारे ५८ मैलांचा टांग्याचा रस्ता. ठरावीक टप्प्यांवर घोडी बदलायची. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वर जावे तसे चीड आणि देवदारांचे दाट रान. सुप्याच्या बाभळींच्या माळावरून गेलेल्या माणसाला ती सृष्टी किती वेगळी वाटली असेल! व्हाइसरॉयचा जो प्रासाद आज पर्यटक आवर्जून पाहतात, त्याचे बांधकाम त्या वेळी चालू होते.

कलकत्त्यातली एक हकीकत रमाबाईंनी फार गोड सांगितली आहे. रानडे तिथे बंगाली शिकू लागले, आणि दाढी करायला येणाऱ्या न्हाव्यालाच त्यांनी गुरू केले. हायकोर्टाच्या पायरीवर पोचलेला विद्वान न्हाव्याला शब्दांचे अर्थ विचारतो आहे, हे पाहून रमाबाईंना आश्चर्य वाटले. मग त्यांनाही बंगाली शिकावी लागलीच. सहलीला जाऊन आपण शाली आणि फोटो आणतो. या जोडप्याने एक भाषा आणली.

आपल्या पुस्तकात रमाबाई नवऱ्याचे नाव घेत नाहीत. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात. म्हणूनच १९३८ मध्ये निघालेल्या इंग्रजी भाषांतराचे नावही त्याच अर्थाचे आहे. बरोबर हजारो मैल हिंडलेली, वाचलेली, वाद घातलेली बाई नवऱ्याचे नाव उच्चारत नाही! जुने आणि नवे एकाच माणसात असे शेजारी-शेजारी नांदत असते. १९०१ मध्ये रानडे गेले. त्यानंतरची तेवीस वर्षे रमाबाई एकट्याच चालल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाची स्थापना झाली आणि त्या संस्थेतून पुढे कितीतरी विधवा, परित्यक्ता बायका शिक्षिका आणि परिचारिका होऊन स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

आणि ज्या कामासाठी ही फिरती होती त्याचे काय झाले? कायद्याने कर्जदाराला आधार दिला, हे खरे. पण सावकारांनीही वाटा शोधल्या. गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेऊ लागले, कर्ज देताना हात आखडता घेऊ लागले. पाणी आणि स्वस्त पतपुरवठा यांच्याशिवाय नुसता न्याय अपुरा पडतो, हे पुढच्या पिढीला कळले. नीरेचा कालवा आणि नंतरची सहकारी चळवळ ही त्याच प्रश्नाला दिलेली पुढची उत्तरे होत. वडगावचा ऊस आणि सुप्याचा माळ यांच्यातला फरक पाहिला की हे उत्तर कुठवर पोचले आणि कुठे थांबले ते दिसते.

सुप्याच्या त्याच माळावर १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झाले. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. तिथे चिंकारा हरणे आहेत. या उन्हाळ्यात फार लांब जाणे जमणार नसेल, तर नवराबायकोने एखाद्या सकाळी लवकर निघून तिकडे जरूर जावे. वाटेत मोरगावच्या गणपतीचे दर्शन घ्यावे, सुप्याच्या पेठेत चहा घ्यावा आणि १८७५ च्या त्या बाजाराच्या दिवसाची आठवण करावी. गाडी सावकाश चालवावी. बोलायला वेळ मिळतो.