वड्याचे तेल वांग्यावर: मनाच्या संरक्षण यंत्रणा आणि फ्रॉइडचा व्यक्तिमत्त्व सिद्धांत

साहेबांनी चारचौघांत झापले. तिथे तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतले. संध्याकाळी घरी मुलाच्या हातून पाण्याचा ग्लास सांडला आणि तुम्ही त्याच्यावर इतके ओरडलात की घर गप्प झाले. त्या क्षणी कोणी विचारले असते तर, ‘राग ग्लास सांडल्याचाच आला,’ असे तुम्ही शपथेवर सांगितले असते. आणि तुम्ही खोटेही बोलत नसता. राग कुठून निघाला हे तुमचे तुम्हालाच ठाऊक नव्हते.

मराठीत याला वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात. मनोविश्लेषणाच्या भाषेत हे ‘विस्थापन’. आपल्या वागण्याची खरी कारणे बऱ्याचदा आपल्यापासूनच लपलेली असतात, हा या सिद्धांताचा गाभा आहे.

इड, इगो आणि सुपरइगो म्हणजे काय?

सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) हे व्हिएन्नातले मज्जाविकारतज्ज्ञ. व्यक्तिमत्त्वाची त्रिस्तरीय मांडणी त्यांनी १९२३ मध्ये केली. मूळ जर्मनमध्ये त्यांनी अगदी साधे शब्द वापरले होते: ‘ते’, ‘मी’ आणि ‘मीच्या वरचा’. इड, इगो, सुपरइगो ही लॅटिन वळणाची नावे इंग्रजी भाषांतरात आली. मराठी पुस्तकांत इदम्, अहम् आणि पराहम् असे शब्द सापडतात.

समजा तुम्हाला मधुमेह आहे आणि लग्नाच्या पंगतीत ताटात जिलेबी आली. इड म्हणतो, हवी आणि आत्ताच हवी. सुपरइगो, म्हणजे आईवडिलांकडून आणि समाजाकडून आत मुरलेला पहारेकरी, म्हणतो, ‘लाज नाही वाटत? डॉक्टरांनी इतके बजावलेय.’ या दोघांच्या भांडणात वस्तुस्थिती बघून मार्ग काढायचे काम इगोचे. काल साखर किती होती, गोळी घेतली का, वगैरे हिशोब तो करतो.

रोजच्या बोलण्यात ‘त्याला फार इगो आहे’ असे म्हणताना आपल्याला अहंकार अभिप्रेत असतो. फ्रॉइडचा इगो तसा नाही. तो दोन्ही बाजूंची बोलणी खाणारा मध्यस्थ आहे. मध्यस्थी फारच जड झाली की तो युक्त्या लढवतो. ‘आमचे आजोबा रोज गोड खायचे, त्यांना कुठे काय झाले?’ असे म्हणून तुम्ही जिलेबी उचलता. हे झाले युक्तिकरण.

संरक्षण यंत्रणा

अशा युक्त्यांना संरक्षण यंत्रणा म्हणतात. फ्रॉइड यांची कन्या ॲना फ्रॉइड यांनी १९३६ च्या आपल्या पुस्तकात त्यांची पद्धतशीर मांडणी केली. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच यंत्रणा आपल्या म्हणींमध्ये आधीच आहेत. ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ आणि ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही दोन्ही युक्तिकरणाचीच उदाहरणे. ‘चोराच्या उलट्या बोंबा’ प्रक्षेपणाच्या जवळ जाते. स्वतःच्या मनातली नकोशी भावना समोरच्याच्या अंगी चिकटवायची, ते प्रक्षेपण. मात्र म्हणीतला चोर जाणूनबुजून बोंबलतो आणि प्रक्षेपण करणाऱ्याला आपण तसे करतोय हे कळत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे.

वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत धोकादायक यंत्रणा म्हणजे ‘नकार’. छातीत जडपणा वाटतो, घाम फुटतो, आणि माणूस म्हणतो, ‘गॅस झालाय, जरा ओवा द्या.’ अशिक्षितच असे करतात असे नाही. डॉक्टरही स्वतःच्या बाबतीत करतात. स्तनातली गाठ महिनोन्‌महिने कोणाला न दाखवणे किंवा रिपोर्टचा लिफाफा न उघडता कपाटात ठेवणे हेही यातलेच असू शकते. भीती इतकी मोठी असते की मन ती गोष्टच दाराबाहेर ठेवते. अशा माणसाला ‘एवढे कसे कळत नाही?’ म्हणून रागावल्यास भीती वाढते आणि दार आणखी घट्ट बंद होते. ‘गॅसच असेल, पण एकदा ईसीजी काढून येऊ, मी बरोबर येतो,’ हे वाक्य जास्त उपयोगी पडते.

सगळ्याच यंत्रणा वाईट नसतात. दुःख लेखनात किंवा समाजकार्यात वळवणे म्हणजे उदात्तीकरण. स्वतःवर हसता येणे हीसुद्धा परिपक्व यंत्रणा मानली जाते.

कथा-नाटकांतली माणसे

संरक्षण यंत्रणा स्वतःत दिसणे कठीण, आणि जवळच्या माणसात दाखवून देणे म्हणजे भांडणाला आमंत्रण. म्हणून त्या ओळखायला शिकण्याची सोपी जागा म्हणजे नाटक-कादंबरी. तिथल्या माणसाला आपण काहीही म्हटले तरी तो दुखावत नाही.

फ्रॉइड यांनी १९०० सालच्या स्वप्नांवरील ग्रंथात हॅम्लेटचा विचार केला. बापाच्या खुन्याला मारायला हॅम्लेट इतका का कचरतो? त्यांचे उत्तर असे की काकाने जे केले, म्हणजे बापाला दूर करून आईला मिळवले, ती हॅम्लेटचीच बालपणी दडपलेली इच्छा होती. अर्नेस्ट जोन्स यांनी पुढे यावर पूर्ण पुस्तकच लिहिले. मला हे वाचन ओढूनताणून केलेले वाटते. हॅम्लेटला नाटकाबाहेर बालपणच नाही, तर त्यात दडपलेले काय शोधणार? आगरकरांनी १८८३ मध्ये याच नाटकाचे भाषांतर ‘विकारविलसित’ या नावाने केले. विकारांचा खेळ, एवढेच म्हणणारे ते नाव मला अधिक सावध वाटते.

नाटकात प्रत्यक्ष जे घडते त्यावरच थांबले, तर हा सिद्धांत खूप काही दाखवतो. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घ्या. वेळ घालवायला मांडलेल्या खोट्या खटल्यात शिक्षिका लीला बेणारे आरोपी होते आणि बघता बघता खेळ खरा होतो. खटला चालवणाऱ्यांकडे पाहा. सुखात्मे हे वकिली न चाललेले वकील, पोंक्षे परीक्षेत नापास झालेला, काशीकर दांपत्य निपुत्रिक. ज्याला त्याला आपले अपयश झोंबते आहे, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही. ती सगळी धग एका अविवाहित, गरोदर बाईवर निघते आणि तीही नीतीच्या नावाने, म्हणजे सुपरइगोचा झगा घालून. त्यातल्या कोणालाही आपण क्रूर आहोत असे वाटत नाही. बेणारेचे सुरुवातीचे हसणे, टोमणे आणि गाणी पुन्हा वाचा. तीही तिची ढालच आहे.

हे कितपत खरे मानायचे?

फ्रॉइडचे सगळेच टिकलेले नाही. ईडिपस गंड सार्वत्रिक असल्याचा किंवा स्त्रियांविषयीच्या त्यांच्या कल्पनांचा भक्कम पुरावा मिळालेला नाही. कार्ल पॉपर यांचा आक्षेप तर मुळावरच होता: कोणतेही वागणे ज्यात बसवता येते, तो सिद्धांत चुकीचा ठरणार तरी कसा? हो म्हटले तर बरोबर आणि नाही म्हटले तर ‘दमन’. घरात कोणी तुमच्यावर हा डाव टाकला तर तो विज्ञान म्हणून मान्य करू नका.

संरक्षण यंत्रणांची कल्पना मात्र संशोधनात तग धरून आहे. हार्वर्डमधील विद्यार्थ्यांचा १९३८ पासून आयुष्यभर मागोवा घेणाऱ्या अभ्यासात जॉर्ज व्हेलंट यांना आढळले की परिपक्व यंत्रणा वापरणाऱ्यांचे पुढचे आयुष्य सहसा अधिक समाधानाचे होते. अर्थात ते सगळे अमेरिकन पुरुष होते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

तेच भांडण वेगवेगळ्या माणसांशी पुन्हा पुन्हा होत असेल, नंतर पस्तावा होऊनही राग आवरत नसेल, किंवा उदासी, निद्रानाश, दारू यांमुळे कामावर परिणाम होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मनोविश्लेषणावर आधारित उपचारात आता सहसा आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून बोलणे होते. कोचावर आडवे व्हायची गरज नसते.

अचानक हातापायातली ताकद गेली, बोबडी वळली, छातीत दुखू लागले, तर ‘हे मनाचे आहे’ हा निर्णय स्वतः घेऊ नका. आधी १०८ ला फोन करून रुग्णालयात जा. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, २४ तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.