ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रम

ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रम हा भारतातील कृषी विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग आहे. अंतिम वर्षाचे विद्यार्थी या काळात खेड्यात, शेतकऱ्यांच्या सहवासात काम करून शिकतात. विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात 'कृषिदूत' आणि विद्यार्थिनींना 'कृषिकन्या' म्हणतात. विद्यापीठीय शिक्षणातील कृतिशील अध्ययनाचे हे एक प्रमुख उदाहरण मानता येईल.

इतिहास

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने नेमलेल्या रंधावा समितीने १९९२ मध्ये या कार्यक्रमाची शिफारस केली. २०१५ मध्ये त्याचा समावेश 'स्टुडंट रेडी' या योजनेत झाला. पाचव्या अधिष्ठाता समितीने सातव्या सत्रात त्यासाठी २० श्रेयांक ठेवले.

स्वरूप

गावाचे सर्वेक्षण, सहभागी पद्धतीने गावाचा नकाशा काढणे, मृदा नमुने घेणे, पीक प्रात्यक्षिके व शेतकरी मेळावे ही त्यातील मुख्य कामे होत. मत्स्यविज्ञानाच्या पदवीतही अशाच स्वरूपाचा कार्यानुभव असतो.

सिंधुदुर्गातील संदर्भ

सिंधुदुर्ग जिल्हा दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९७२) कार्यक्षेत्रात येतो. विद्यापीठाचे उद्यानविद्या महाविद्यालय मुळदे (ता. कुडाळ) येथे, तर प्रादेशिक फळ संशोधन केंद्र वेंगुर्ले येथे आहे. आंब्याच्या 'रत्ना' व 'सिंधू' या जाती याच केंद्राने विकसित केल्या.

येथील प्रात्यक्षिके आंबा, काजू, नारळ व सुपारी या पिकांशी निगडित असतात. पावसाळ्यात सुपारीवर येणाऱ्या कोळेरोगासाठी एक टक्का बोर्डो मिश्रण वापरतात. त्याचे प्रमाण एक किलो मोरचूद, एक किलो चुना व शंभर लिटर पाणी असे आहे. मोरचूद व चुना निरनिराळ्या, लोखंडी नसलेल्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करतात. मिश्रणात बुडवलेल्या स्वच्छ खिळ्यावर तांबूस थर चढल्यास चुना कमी पडला असे समजते. प्रमाण पाठ असलेल्या विद्यार्थ्यालाही चुन्याची प्रत हलकी असली की काय होते, हे या खिळ्यावरूनच उमगते. आंब्याचे कोयकलमही असेच हाताने शिकावे लागते. कोवळ्या रोपाची पाने तांबूस असतानाच ते बांधायचे असते.

महत्त्व व मर्यादा

बागायतदाराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेथेच द्यावे लागत असल्याने पुस्तकी ज्ञानाची पारख होते, आणि बागायतदाराचा अनुभवही विद्यार्थ्याला मिळतो. मात्र एका सत्रात बहुवर्षायू फळपिकाचे पूर्ण चक्र पाहता येत नाही. प्रात्यक्षिक केवळ फलक, छायाचित्र व अहवाल यांपुरते उरल्यास कार्यक्रमाचा मूळ हेतू साधत नाही.