माळाची वही

आमचं गाव नान्नजपासून दोन कोसांवर, उत्तर सोलापूर तालुक्यात. माळ बघत हिंडणारे आम्ही पाचजण. एक मास्तर, एक धनगर तात्या आणि दहावी होऊन घरी बसलेली आम्ही तीन पोरं. १९७९ साली सरकारनं माळढोकासाठी अभयारण्य जाहीर केलं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर! लोकांच्या शेतांसकट. जमीन विकायची तर अडचण, म्हणून गावाचा राग त्या बिचाऱ्या पाखरावर.

मास्तर म्हणाले, "रागवा, पण आधी बघा तरी." त्यांनी दोनशे पानी वही आणली. नेम एकच, दोघांनी बघितलं तरच लिहायचं. तात्याला अक्षर येत नव्हतं, पण निम्मी वही त्याच्याच डोळ्यांनी भरलेली. श्रावणात बांधावर निळी विष्णुक्रांता, बाजरीत गुलाबी-पांढरा कुर्डू, दसऱ्याच्या सुमाराला पिवळाधम्मक तरवड. काळविटांचा कळप, खोकडाचं बीळ, लांडग्याची पावलं. थंडीत बाहेरदेशातून येणारे भोवते कुसळीच्या गवतावरनं खाली-खाली तरंगत जायचे.

आणि माळढोक. कमरेएवढा उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरायचा. पावसाळ्यात गळ्याची पिशवी फुगवून 'हूम' असा घुमायचा. म्हणून जुनी माणसं त्याला हूमच म्हणायची. मादी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर अंडं घालते, तेही बहुतेक वेळा एकच.

एकदा माझ्याच रानात औत धरलेलं असताना तात्या ओरडला, "थांब की रं! म्होरं अंडं हाय." मातीच्याच रंगाचं, तपकिरी ठिपक्यांचं. मी तेवढा तुकडा सोडून औत वळवलं. वडील चिडले, "पाखरापायी पेरणी सोडतोस व्हय?" पण पिल्लू निघालं. आईमागं तुरुतुरु गवतात गेलं. त्या दिवसाचं पान मी स्वतः लिहिलं. अक्षर आनंदानं वाकडं झालंय.

पुढं बोअरला पाणी लागलं. आजूबाजूला द्राक्षाच्या बागा उभ्या राहिल्या, विजेच्या तारा आल्या. मुलीचं लग्न तोंडावर होतं. मी सहा एकर माळ ट्रॅक्टरनं उलथा केला. त्यात तो तुकडाही गेला. कुणी अडवलं नाही. संध्याकाळी मास्तरांनी वही माझ्यापुढं सरकवली, "तूच लिही." मी लिहिलं : 'माळ नांगरला.' दोघांनी बघितलेलं होतं, नेमात बसत होतं.

पुढं अभयारण्य कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. लोकांच्या जमिनी मोकळ्या झाल्या. तोवर वहीतल्या माळढोकाच्या नोंदी विरळ होत गेल्या होत्या, मग थांबल्याच. आज सगळ्या देशात ते दीडशेच्या आत उरलेत, बहुतेक राजस्थानात. तात्या गेला, मास्तर गेले. वही माझ्याकडं आहे.

माझा नातू विचारतो, "आबा, हूम कसा ओरडायचा?" मी गळा फुगवून दाखवतो. तो हसतो. मला हसू येत नाही.

दोन वर्षांपासून एक एकर तसंच पडीक ठेवलंय. औत नाही, तणनाशक नाही. कुसळी आपोआप आली. गेल्या श्रावणात बांधाच्या कडेला विष्णुक्रांता दिसली. नातवाला हाक मारली, त्यानंही बघितली. मग वही काढली.