गेलेल्या पाण्याचे माप

पटकी शरीरातील पाणी व क्षार लुटते, हे डॉ. ओशॉनेसी यांनी १८३१ साली रुग्णांचे रक्त तपासून दाखविले. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधील डॉ. टॉमस लॅटा यांनी एका मरणोन्मुख वृद्धेच्या शिरेत लवणजल सोडले. अर्ध्या तासात सहा पाइंट पाणी गेले; थंड देहात ऊब आली, नाडी परतली. डॉक्टर समाधानाने निघून गेले. जुलाब मात्र पुन्हा सुरू झाले आणि साडेपाच तासांत ती दगावली. पाणी द्यावे हे कळले होते. किती गेले आणि किती जात आहे, हे मोजणे राहिले होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी त्याला माप लावले. ग्लिसरीन व पाणी निरनिराळ्या प्रमाणात मिसळून भरलेल्या बाटल्यांत ते रक्ताचा थेंब सोडीत. ज्या द्रवात थेंब बुडेना की वर येईना, त्याचे विशिष्ट गुरुत्व तेच रक्ताचे. निरोगी माणसात ते १.०५५ ते १.०६०च्या आसपास असते. पाणी जाईल तसा आकडा चढे. लवणजल किती व पुन्हा केव्हा द्यावे, हे त्यावरून ठरे.

आज चिमटीतली त्वचा, नाडी आणि वजनातील घट पाहून हा अंदाज बांधतात. त्या वृद्धेचा धडा मात्र कायम आहे: माप एकदा घेऊन भागत नाही.