स्लो जॅमची कुळकथा

ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरांतलं, ओसरीवर बसून वाजवायचं, आजोबांकडून नातवाकडे आलेलं संगीत, अशी एक समजूत आहे. समजूत गोड आहे, पण अर्धीच खरी. मुळं जुनी आहेत हे कबूल. बिल मन्रो केंटकीतल्या रोझीन गावी वाढला, तो पेन मामाची फिडल आणि आर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाची गिटार ऐकत. बँजोचे पूर्वज तर गुलाम म्हणून आणलेल्या पश्चिम आफ्रिकी माणसांबरोबर समुद्र ओलांडून आले. (हा बँजो म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीतला नव्हे. तो बुलबुलतरंगाच्या घरातला, हा कातडं ताणून बसवलेला पाच तारांचा.) पण आज ज्याला ब्लूग्रास म्हणतात ते घडलं रेडिओच्या रंगमंचावर, पोटासाठी वाजवणाऱ्या तयारीच्या वादकांच्या हातून.

१९३९ साली मन्रो आपले ‘ब्लू ग्रास बॉइज’ घेऊन नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कार्यक्रमात दाखल झाला. डिसेंबर १९४५ मध्ये एकवीस वर्षांचा अर्ल स्क्रग्ज त्याला येऊन मिळाला आणि तीन बोटांनी बँजोवर स्वरांची अशी झड लावू लागला की ऐकणारे थक्क झाले. लेस्टर फ्लॅटची गिटार, चबी वाइजची फिडल, मन्रोची मँडोलिन आणि हा बँजो. वेग हा या संगीताचा दागिना ठरला. नवशिक्यांच्या हालांचं मूळही तिथेच आहे.

ऐकणाऱ्याला वाटणार, आपणही वाजवावं. शिकवणार कोण? गुरू रेडिओत, नाहीतर तबकडीत. मग शहरातल्या पोरांनी एक युक्ती काढली. तेहतीसच्या वेगाची तबकडी सोळाच्या वेगावर लावायची. सूर एक सप्तक खाली उतरायचे, बँजो कण्हल्यासारखा वाजायचा, पण एकेक स्वर सुटा ऐकू यायचा. सुई उचला, मागे न्या, पुन्हा टेकवा. १९६८ मध्ये खुद्द स्क्रग्जचं पुस्तक आलं, १९७४ मध्ये पीट वेर्निकचं. कुठल्या तारेवर कुठला पडदा दाबायचा ते आकड्यांनी लिहिलेलं, म्हणजे टॅब. यातून खोलीचं दार लावून एकट्याने शिकणारी एक अख्खी पिढी तयार झाली. तिला अवघड तुकडे पाठ होते. दुसऱ्या माणसाबरोबर वाजवायची वेळ आली की मात्र तिचे हात गोठायचे.

एकत्र वाजवण्याची जागा मिळाली ती पार्किंगमध्ये. १९६५ च्या सप्टेंबरात कार्लटन हेनीने व्हर्जिनियातल्या फिन्कॅसलजवळ घोड्यांच्या फार्मवर अनेक दिवसांचा पहिला ब्लूग्रास महोत्सव भरवला. दोनच वर्षांनी मन्रोने इंडियानातल्या बीन ब्लॉसमला आपला सुरू केला. लोक तंबू घेऊन यायचे, मुक्काम ठोकायचे. मग मंचावर कुणी का गात असेना, गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत कोंडाळी जमायची आणि रात्रभर वाजवणं चालायचं. यालाच म्हणतात जॅम. आजही अशा महोत्सवांत काही मंडळी तिकीट काढून मंचाकडे फिरकतसुद्धा नाहीत.

या कोंडाळ्याचे कायदे पक्के असतात, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. गाणं सुचवणारा त्या गाण्यापुरता म्होरक्या. तो पट्टी सांगतो, पहिल्या चार ठोक्यांत लय ठरवतो, कडवं गातो. कडव्यानंतर शेजाऱ्याकडे बघून मान हलवतो. ती मान म्हणजे ‘आता तू’. मग ‘ब्रेक’ म्हणजे एकट्याने धून वाजवायची पाळी, आणि ती गोलात फिरत जाते. वाजवायचं नसेल तर नुसती मान हलवून पुढच्याकडे सोपवायची, त्यात कमीपणा नाही. बाकीच्यांनी तोवर आवाज खाली ठेवायचा. बास ठोक्यावर, मँडोलिनचा ‘चॉप’ दोन ठोक्यांच्या मधे, आणि गाणाऱ्याचे शब्द ऐकू येत नसतील तर आपण जास्त वाजवतोय असं समजायचं. गाणं ठाऊक नसेल तर गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे बघून कॉर्ड ओळखायच्या. म्होरक्याने पाय उचलला की गाणं संपलं. कागद नाही, नोटेशन नाही.

खोलीत एकट्याने शिकलेल्याला यातलं काही ठाऊक नसे. तो बाहेरच्या रांगेत, गाडीला टेकून, बँजो पेटीतच ठेवून बघत राही. पुढची गत नेहमीचीच: पेटी माळ्यावर.

याकडे नीट पाहिलं ते वेर्निकने, आणि त्यात मला नवल वाटत नाही. हा ब्रॉन्क्समधला माणूस, कोलंबिया विद्यापीठातून समाजशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला. पुढे कोलोरॅडोत ‘हॉट राइझ’ या नावाजलेल्या बँडचा बँजोवादक. खेड्यातल्या घराण्यात जन्मलेल्याला जॅमचे कायदे शिकवण्याची गरज सुचलीच नसती, ते त्याच्या अंगात मुरलेले असतात. बाहेरून आत आलेल्यालाच दाराची उंची ठाऊक. १९८० पासून तो बँजोची शिबिरं घेत होता. पुढे त्याने खास एकत्र वाजवण्याची शिबिरं काढली आणि २०१० पासून इतर शिक्षकांना आपल्या पद्धतीत तयार करायला सुरुवात केली. स्लो जॅमचा तो एकटा जनक नव्हे. ठिकठिकाणच्या ब्लूग्रास मंडळांनी आणि वाद्यांच्या दुकानांनी आपापल्या परीने हळू वाजवायची बैठक सुरू केलीच होती. पण तिला अभ्यासक्रमाचं रूप दिलं ते त्याने.

या पद्धतीत टॅबला जागा नाही. पहिल्याच दिवशी दोन कॉर्डची गाणी, कुणालाही पेलेल अशा लयीत. चुकलं तरी थांबायचं नाही, पुढच्या ठोक्याला गाडी पकडायची. ब्रेक घ्यायचा तर धून जमेल तेवढी, बाकी त्या कॉर्डमधले स्वर भरून वेळ मारून न्यायची. भजनात नवख्याच्या हाती आधी टाळ देतात, तसाच हा प्रकार: आधी ठेका, मग बाकीचं. मान हलवणं, पाळी सोपवणं, पाय उचलणं, जे पार्किंगमध्ये कुणी बोलून दाखवत नव्हतं ते इथे मोठ्याने सांगितलं जातं.

जुन्या खोडांना हे रुचत नाही. वेग काढून घेतल्यावर ब्लूग्रासमध्ये उरलं काय, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य एवढंच की काही जण वर्षानुवर्षं त्याच आठ-दहा गाण्यांत आणि त्याच लयीत मुक्काम ठोकून बसतात, खऱ्या जॅमकडे सरकतच नाहीत. पण मन्रोच्या वेगाने वाजवणारे मूठभर आणि टाळ्या वाजवणारे हजारो, असं राहिलं असतं तर हे संगीत आज संग्रहालयात असतं. हळू वाजवणाऱ्यांनीच ते घराघरांत नेलं, असं माझं मत.

अमेरिकेत राहणाऱ्या कुणा मराठी वाचकाकडे गिटार धूळ खात पडली असेल, तर त्याने जवळपासची स्लो जॅम शोधावी. जी, सी, डी आणि ए या चार कॉर्ड न अडखळता बदलता आल्या की वेर्निकच्या वर्गातही प्रवेश मिळतो. वाद्य घरूनच सुरात लावून न्यावं, आणि पहिल्या दिवशी ब्रेकची पाळी आली तर खुशाल मान हलवून पुढच्याला द्यावी.